गालाची जागा

१

रायफलीचा दस्ता नुसत्या डोळ्यांनी तपासता येत नाही, हे मला सासरी आल्यावर कळलं. दस्ता म्हणजे रायफलीचा लाकडी भाग, जो खांद्याला टेकवतात आणि ज्याच्यावर गाल ठेवून नेम धरतात. वरून तो गुळगुळीत दिसतो आणि आतून पोखरलेला असतो. म्हणून आधी तो सावलीत टांगायचा, मग बोटाच्या पेरानं टिचक्या मारत वरपासून खालपर्यंत यायचं. चांगलं लाकूड खणखणीत बोलतं, खराब लाकूड भद्द आवाज करतं. बारीक चीर शोधायची तर तेल लावून पुसून टाकायचं आणि वर पिठाची चिमूट भुरभुरायची. चीर असली की आत मुरलेलं तेल वर येतं आणि पिठात रेघ उमटते.

एवढं मालक करायचे. मालक म्हणजे कडूबा मिस्तरी, टेंभुर्णीचे सुतार. नवऱ्याचं नाव तोंडानं घेऊ नये म्हणतात. मी जन्मात दोनदाच घेतलं, एकदा लग्नात उखाण्यात आणि दुसऱ्यांदा कुठं ते पुढं येईलच. मनात घेतलेलं कोणी मोजत नाही.

पुढचं काम माझं. कढवलेलं जवसाचं तेल तळहातावर घ्यायचं आणि लाकूड ऊन होईपर्यंत घासायचं. दुसऱ्या दिवशी पुन्हा, तिसऱ्या दिवशी पुन्हा. मालकांच्या हाताला घट्टे, लाकडावर ओरखडे यायचे. "तुझा हात मऊ हाये सगुणा," असं ते म्हणायचे. शेण थापून आणि भाकरी बडवून मऊ राहिलेला हात मी तरी दुसरा पाहिला नाही, पण नवऱ्यानं केलेलं कौतुक कोण परत करतं?

आता तो हात हलत नाही आणि जीभही हलत नाही. मनात मात्र सगळं बराबर लागलेलं आहे, म्हणून मनातच सांगते.

पोलीस ठाण्यातले दस्ते दरसाल मृगाच्या आधी आमच्याकडे यायचे. बदरोद्दीन नावाचा जवान नळ्या ठाण्यात काढून ठेवायचा आणि दस्ते घोंगडीत गुंडाळून गाडीत घालून आणायचा. आमच्या लिंबाखाली बसून तांब्याभर पाणी प्यायचा, घरच्यांची विचारपूस करायचा. भला माणूस होता, पण त्या वर्षी घोंगडी सोडताना त्याचा चेहरा उतरलेला होता.

"मिस्तरी, ह्याला वाळवी लागली," तो म्हणाला. "आमचे मोठे सायब, अमीनसाब, पावसाच्या आधी तपासायला येऊन राह्यले. दस्ता बिलकुल बराबर पाहिजे. न्हाई तर माझी खैर न्हाई आन् तुमचीबी न्हाई."

मालकांनी दस्ता उलटापालटा केला. प्रत्येक दस्त्याला गालाची एक जागा असते. माणसं वर्षानुवर्षं तिथं गाल टेकतात, त्यानं लाकूड किंचित दबतं आणि चकाकायला लागतं. वाळवीनं नेमकी तीच जागा खाल्ली होती. बाकी सगळा दस्ता शाबूत होता.

२

दस्ते आले तेव्हा घरात सुतक फिटून थोडेच दिवस झाले होते. माझे सासरे, रखमाजी मामंजी, चैत्रातच गेले.

गेले म्हणजे सहजी गेले नाहीत. त्यांची खाट मालकांच्या कामाच्या पडवीतच होती, कारण त्यांना लाकडाच्या भुशाचा वास हवा असायचा. घरघर लागली ती लागलीच. श्वास घेताना बारीक शिट्टी वाजायची, सोडताना मध्येच अडखळायची, आणि मग ते काही नसताना घोट गिळायचे. शिट्टी, अडखळ, घोट. चैत्रभर मी उशाशी बसून ते ऐकलं. खोटं कशाला बोलू, सुटावेत असं मला वाटायचं. त्यांच्यासाठी वाटायचं आणि माझ्यासाठीही वाटायचं.

गावात कुजबूज सुरू झाली की रखमाजीनं कधीतरी जू जाळलं असणार. बैलाच्या मानेवरचं जू कधी चुलीत घालायचं नसतं, हे आमच्याकडे पोराटोरांनाही ठाऊक आहे. जो घालतो त्याचा जीव अडकतो, लवकर जात नाही. आता सुतारानं आयुष्यात काय काय जाळलं असेल, कोणाला आठवणार? यावर उपाय एकच, मरणाऱ्याच्या मानेखाली जू ठेवायचं.

त्या दिवशी मालक भोकरदनच्या बाजाराला गेले होते. खिळे संपले होते, मीच म्हटलं, जाऊन या. दुपारी शेजारची चतुराबाई आली आणि आम्ही दोघींनी मागच्या भिंतीचं जुनं तिवसाचं जू आणून मामंजींच्या मानेखाली सरकवलं.

"कडूबा आला का?" मामंजींनी विचारलं.

"येऊन राह्यले, मामंजी."

मी कापसाच्या बोळ्यानं पाणी घातलं. त्यांनी गिळलं. पुन्हा विचारलं, "कडूबा आला का?" मी पुन्हा तेच सांगितलं. तिसऱ्यांदा ओठ हलले, पण शिट्टी मध्येच थांबली आणि पडवी गप्प झाली.

मालक दिवस मावळताना आले. रडले नाहीत. फक्त म्हणाले, "काय म्हणले व्हते?" मी सांगितलं. "आन् मंग?" मी म्हटलं, मंग काही न्हाई. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा विचारलं, तिसऱ्या दिवशीही. बापाच्या तोंडात शेवटचं पाणी आपल्या हातानं पडलं नाही, हे त्यांच्या मनातून जाईना.

असं जू पुन्हा बैलांना लावायचं नाही, नदीला सोडायचं असा रिवाज. पण नदी तेव्हा कोरडी ठणठणीत होती. पाणी येईपर्यंत असू दे म्हणून ते पडवीच्या कोपऱ्यात उभं करून ठेवलं.

३

मालकांनी वाळवीनं खाल्लेला भाग कोरून काढला आणि तिथं चार बोटं रुंदीचा तुकडा बसवला. असा बसवला की नख फिरवलं तरी सांधा लागू नये. रंग जरा वेगळा होता, पण तेल पिऊन तो मिळून गेला असता.

मी दुपारी घासायला बसले. तळहातावर तेल घेतलं, मुठीपासून सुरुवात केली आणि गालाच्या जागेवर आले. ती आधीच ऊन होती.

उन्हाळ्याचे दिवस, पडवीवर पत्रे. लाकूड तापणारच. मी दस्ता उचलून आत माजघरात नेला, पाण्याच्या रांजणाशेजारी उभा केला आणि भाकऱ्या उरकून परत हात लावला. सगळा दस्ता गार होता आणि गालाची जागा ऊन होती. तापलेली म्हणवत नाही. कोणी नुकताच गाल उचलून गेल्यावर उशी असते तेवढीच ऊन.

मी भुताखेताला लवकर भिणारी नाही. माझं माहेर पिंपळगाव रेणुकाईचं. देवीपुढं बायका घुमताना लहानपणापासून पाहिल्या, मला कधी अंगात आलं नाही. मी माझ्या परीनं विचार केला. जवसाच्या तेलाच्या चिंध्या बोळा करून टाकल्या तर आपोआप तापतात, आमची एक टोपली त्यानंच धुमसली होती. मग तेल प्यालेलं लाकूडही तापत असेल. मनाची समजूत पटली आणि मी चिंध्या वाळत घालायला कोपऱ्यात गेले.

कोपऱ्यातलं जू एका टोकाला आखूड झालेलं होतं. कापल्याची खूण ताजी होती.

"हे तुम्ही कापलं?" मी मालकांना विचारलं.

"मंग काय करू? सरकारी दस्ता अक्रोडाचा. बाभूळ आकसते, साग मऊ पडतो. असं मुरलेलं लाकूड मला सांग कुठं हाये ते."

"ते नदीचं हाये."

"राह्यलेलं नदीला देऊ की. सुतारानं चांगलं लाकूड वाया घालू न्हाई, बाबाच म्हणायचे."

बापाचं नाव निघालं. मी चिंध्या वाळत घातल्या.

४

तेलाचा एक हिशेब असतो. पहिल्या दिवशी लाकूड भरपूर पितं, दुसऱ्या दिवशी कमी, मग पोट भरतं आणि वर चकाकी राहते. बाकीच्या दस्त्यांचं तसंच झालं. ह्या तुकड्याचं पोट भरेना. तेल टाकलं की मी घासायच्या आतच ते आत जायचं. एकदम जायचं नाही. थोडं जायचं, थांबायचं, पुन्हा जायचं.

ते थांबणं माझ्या ओळखीचं होतं. चैत्रभर मी कापसाच्या बोळ्यानं असंच पाजलं होतं. पण तो विचार मी तिथंच तोडला. म्हटलं, तिवसाचं लाकूड आहे, त्याचे रेशे वेगळे, पिऊ दे.

मग मालकांनी ते काम माझ्याकडून काढून घेतलं. "तू राहू दे, मी पाजतो," म्हणाले. लावतो नाही म्हणाले, पाजतो म्हणाले. आता त्यांच्या हाताचे घट्टे आड येत नव्हते.

दस्ता नीट बसला का हे बघायला सुतार एकदा गाल लावून पाहतो. एकदा, फार तर दोनदा. मालक दिवसातून कितीतरी वेळा लावायला लागले. खांद्याला दस्ता टेकवायचा, मान वाकवायची, डोळे मिटायचे. नेम धरणारा माणूस डोळे मिटतो का? गावातल्या गाड्या चाकांवाचून पडल्या होत्या, शेतकरी दारात येऊन बडबडून जात होते. धर्मराज तेव्हा पाळण्यात होता, तो रडला तरी मालकांची मान वर व्हायची नाही.

"काय करून राह्यले तुम्ही?" मी एकदा जोरात विचारलं.

ते बोट ओठांवर ठेवून म्हणाले, "थांब. आता सांगतील."

मी त्यांना जेवायला ओढून आणलं. अर्धी भाकरी खाल्ली आणि घास घशाशी अडवून बसले. मग तोंडात काही नसताना त्यांनी एक घोट गिळला. बाळंतपणातही मी एवढी भ्याले नव्हते.

५

बदरोद्दीन दस्ते तयार आहेत का बघायला आला. मला इतका आनंद झाला की मी त्याला पाण्याबरोबर गूळही दिला. म्हटलं, घेऊन जा भाऊ, आजच्या आज सगळे घेऊन जा.

तो चांगला नेमबाज होता. प्रत्येक दस्ता खांद्याला लावून, गाल टेकवून बाजूला ठेवत गेला. जुवाच्या तुकड्याचा दस्ता त्यानं उचलला, गाल टेकवला आणि तसाच राहिला. मालक समोर बसून त्याच्याकडे असे बघत होते की जणू त्यानं त्यांच्या ताटात हात घातला.

बदरोद्दीननं दस्ता हळूच खाली ठेवला आणि गालावरून हात फिरवला. हात ओला झाला.

"तेल वाळलं न्हाई अजून," तो म्हणाला.

"न्हाई वाळलं," मालक घाईनं म्हणाले. "हा राहू द्या. बाकीचे न्या."

बदरोद्दीननं हात नाकाशी नेला. जवसाच्या तेलाला उग्र वास असतो, लपत नाही. त्यानं हात खांद्यावरच्या फडक्याला न पुसता लिंबाच्या बुंध्याला पुसला. गाडीत बाकीचे दस्ते भरून झाल्यावर तो माझ्याजवळ आला.

"भाबी, मिस्तरींची तबियत बराबर न्हाई. अमीनसाब हप्त्यात येतील, त्याच्या आधी हा दस्ता पाहिजे. पण..." त्यानं मागं पडवीकडे पाहिलं. "पण ती जागा बदला. दुसरं लाकूड घाला. मला गाल लावू वाटंना."

"काय झालं भाऊ?"

"काही न्हाई. वारा आसंल," म्हणाला आणि बैल हाकत निघून गेला. त्या दिवशी पानसुद्धा हलत नव्हतं.

६

दुसऱ्या दिवशी दुपारी मी विहिरीवरून आले. भर दुपार, कुत्रीसुद्धा सावलीला पडलेली. चुलीवर तवा तापत ठेवला आणि मालकांना हाक मारायला पडवीच्या दारात गेले.

ते भिंतीला टेकून बसले होते. दस्ता मांडीवरून खांद्यापर्यंत आडवा, गाल त्यावर, डोळे मिटलेले. आणि मला मामंजींची घरघर ऐकू आली.

मी आधी मालकांच्या छातीकडे पाहिलं. शिट्टी वाजत होती तेव्हा त्यांची छाती हलत नव्हती. शिट्टी संपली, मग त्यांची छाती वर आली. त्यांचा श्वास सुटला, मग पुन्हा शिट्टी. एक थांबला की दुसरा घेत होता. एका पाटावर दोघांनी आळीपाळीनं बसावं तसं चाललं होतं. आणि मी तिथं उभी असतानाच शिट्टी लांबत गेली आणि मालकांची पाळी आखूड होत गेली.

मला दुसरं काही सुचलं नाही, एवढंच सुचलं की माझा माणूस चाललाय. मी दस्ता हिसकला. गाल लाकडापासून निघताना चिकटलेला कागद सुटावा तसा आवाज झाला. मालक एका अंगावर कलंडले, ओठ निळे पडलेले. मी त्यांचीच पटाशी आणि मोगरी घेतली, सांध्यावर पटाशी धरली आणि ठोकलं. नवऱ्याच्या हत्याराला बायकोनं हात लावू नये म्हणतात, तेही मी त्या दिवशी मोडलं. मालकांनी सांधा जीव ओतून बसवला होता, निघता निघेना. मग एकदम तुकडा उसळून माझ्या मांडीत पडला.

तुकड्याच्या खाली कोरलेला खड्डा होता. तो ओला होता. लाकूडच होतं ते, रेशे दिसत होते. मी त्याच्याकडे पाहत असताना रेशे खालून वर एकदा उचलले गेले आणि खाली बसले. घोट घेताना कंठ हलतो तसे. मग नुसतं कोरलेलं लाकूड राहिलं. मी उन्हातून आले होते, डोळ्यांपुढं अंधारी आली असेल, असं मी पुढं कितीतरी वर्षं स्वतःला सांगितलं.

तुकडा हातात ऊन होता. नदीत पाणी नव्हतं. घरात ठेवला तर मालकांनी शोधून पुन्हा बसवला असता. राहिली चूल.

जू जाळणाऱ्याचं काय होतं ते मला कोणी सांगायला नको होतं. चैत्रभर मी तेच तर उशाशी बसून पाहिलं होतं. मी पडवीकडे पाहिलं. मालकांची छाती हलत नव्हती. मी तुकडा तव्याखाली सारला.

इतकं तेल प्यालेलं लाकूड भडकायला पाहिजे होतं. ते भडकलं नाही. धुमसत राहिलं, आणि त्यातून शिट्टी निघायला लागली. ओल्या लाकडातून निघते तशीच, पण मध्येच अडखळणारी. थांबायची आणि पुन्हा निघायची, उत्तर मागितल्यासारखी. ती काय विचारत होती ते मला कळलं. त्या घरात ते दुसऱ्या कोणाला कळणार होतं?

मी चुलीपुढं वाकले आणि म्हणाले, "आला, मामंजी. कडूबा आला."

तेव्हा कुठं जाळ उठला.

पडवीत मालकांनी लांब श्वास घेतला, विहिरीत बुडालेला माणूस वर आल्यावर घेतो तसा. थोड्या वेळानं भिंतीला धरत आत आले. त्यांनी रिकामा दस्ता पाहिला होता. चुलीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं.

"तू कशाला?" ते म्हणाले. "मी जाळलं आस्तं."

"भाकरी गार होऊन राह्यली," मी म्हणाले.

ते जेवायला बसले. त्या दिवशी पोटभर जेवले. काय म्हणले व्हते, हे त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही.

७

दस्त्यात त्यांनी भोकरदनहून शिसवीचा तुकडा आणून घातला. बदरोद्दीन येऊन घेऊन गेला, अमीनसाबांनी पास केला. पाणी आल्यावर आखूड झालेलं जू मी स्वतः नदीत सोडलं आणि ते वळणाआड जाईपर्यंत काठावर उभी राहिले.

त्यानंतर मला नवरा भरपूर वर्षं मिळाला. गेले तेही कसे, पाटावर बसले, पाण्याचा तांब्या उचलला आणि गेले. घरघर नाही, काही नाही. लोक म्हणाले, पुण्यवान माणूस. मी म्हटलं, हो. मला त्या सौद्याचा पस्तावा नाही. आज पुन्हा ती दुपार आली तरी मी तेच करेन.

आता माझी पाळी आहे. खाट पडवीतच टाकली आहे. ठाण्यात म्हणे नवीन रायफली आल्या, हैद्राबादेहून रोज नवी बातमी येते, मला त्याचं काही नाही. मला माझ्याच श्वासाची शिट्टी ऐकू येते, ती कधीपासून ते मी विसरले. धर्मराज माझ्याकडे बघतो आणि बाहेर जातो. सुनेची, उषाबाईची, कुजबूज मला सगळी ऐकू येते.

"आत्याबाईंनी कधी जू जाळलं आसंल का वो?"

"माय कशाला जाळंल?" धर्मराज म्हणाला. "सुताराची बायको ती."

तरी आज सकाळी त्यानं नदीकाठच्या गोजरबाईच्या घरून जू आणलं. दोघांनी मिळून माझी मान उचलली आणि खाली सरकवलं.

"एका बाजूनं आखूड हाये," उषा म्हणाली.

"गोजरबाईच्या सासऱ्याला पुरात घावलं व्हतं. कापलेलं हाये म्हणून बैलांना कधी लावलं न्हाई, तसंच पडून व्हतं. पण लाकूड बघ, तिवसाचं. अजून खणखणीत हाये."

मला सांगायचं आहे की हे नको, दुसरं कुठलंही आणा. जीभ हलत नाही. मान टेकली आहे ती जागा ऊन आहे.

उषा चांगली पोर आहे. माझ्याजवळ बसली आहे, कापसाचा बोळा पाण्यात भिजवून माझ्या तोंडात पिळते. "प्या, आत्याबाई," म्हणते.

मी गिळते. मग मानेखाली कोणीतरी गिळतं.